सीमेवरचा बिंदू कोणाचा?

अकरावीला तुकड्यातुकड्यांनी दिलेलं फंक्शन फळ्यावर लिहिलं, की वर्गातून हमखास प्रश्न येतो, "सर, ही दोन फंक्शन्स आहेत ना?" एक मोठा कंस, त्यात दोन सूत्रं, प्रत्येकापुढे वेगळी अट. मुलांना असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. १७४८ साली ऑयलरनेही फंक्शन म्हणजे एक सूत्र, अशीच व्याख्या केली होती. पुढे १८३७ मध्ये डिरिक्लेने सूत्राचा आग्रहच सोडला: क्षच्या प्रत्येक किमतीला यची एकच ठरलेली किंमत मिळाली, की झालं फंक्शन. १८४४ मध्ये कोशीने तर एक साधं उदाहरण दिलं. क्ष धन असेल तर क्ष, ऋण असेल तर वजा क्ष; ही दोन सूत्रं 'क्षच्या वर्गाचं धन वर्गमूळ' या एकाच सूत्रात मावतात. मग सूत्रं मोजून काय साधणार?

मुलांना खरी अडचण येते ती आलेख काढताना. क्ष २ पेक्षा लहान असेल तर क्षचा वर्ग, आणि २ किंवा त्याहून मोठा असेल तर ५ वजा क्ष, असं फंक्शन दिलं की हुशार मुलंसुद्धा अख्खा पॅराबोला काढतात, त्यावरून अख्खी रेषा ओढतात आणि वही पुढे करतात. दोन्ही आकृत्या सुबक असतात, पण अट कोणी वाचलेलीच नसते. म्हणून मी सूत्राला हात लावू देत नाही. आधी क्ष-अक्षावर २ पाशी पेन्सिलीने उभी तुटक रेषा मारायची. डावीकडचा मुलूख वर्गाचा, उजवीकडचा रेषेचा. मग दोन्ही सूत्रांत २ घालून पाहायचं: एक देतं ४, दुसरं देतं ३. अटीतलं 'किंवा' रेषेच्या बाजूला आहे, म्हणून ३ वर भरीव ठिपका आणि ४ वर पोकळ. दोन्ही भरीव केले, तर २ ला दोन उत्तरं मिळतील आणि ते फंक्शनच राहणार नाही. हे झाल्याशिवाय वक्र काढायचा नाही. दहावीपर्यंत आलेख म्हणजे बिंदू जोडणं हेच अंगवळणी पडलेलं असतं. इथे न जोडणं शिकायचं असतं, आणि त्याला वेळ द्यावाच लागतो.

हे सगळं परीक्षेपुरतं नाही, हे पटवायला मी आयकर घेतो. साठीच्या आतल्या व्यक्तीला जुन्या करपद्धतीत अडीच लाखांपर्यंत शून्य, तिथून ५ लाखांपर्यंत ५ टक्के, १० लाखांपर्यंत २० टक्के आणि पुढे ३० टक्के. पगारवाढीने वरच्या टप्प्यात गेलो तर सगळ्याच उत्पन्नावर जादा दर लागेल, ही भीती कितीतरी सुशिक्षित घरांत आहे. आलेख काढला की ती जाते: टप्प्यावर रेषेचा चढ वाढतो, रेषा तुटत नाही.

पण त्याच पद्धतीत एका ठिकाणी ती खरोखरच तुटते. करपात्र उत्पन्न बरोबर ५ लाख असेल तर १२,५०० रुपयांची सूट मिळून कर शून्य. उत्पन्न १० रुपयांनी वाढलं की सूट जाते आणि कर, उपकर सोडून, १२,५०२ रुपये. शून्यावर भरीव ठिपका, १२,५०० वर पोकळ.

नव्या पद्धतीत २०२५-२६ साठी, विशेष दराचं उत्पन्न नसेल, तर १२ लाखांपर्यंत कर शून्य आहे. तिथे अशी उडी पडू नये म्हणून १२ लाखांच्या वर जेवढे रुपये जातील त्यापेक्षा जास्त कर घेत नाहीत. १२ लाख १० हजारांवर एरवी ६१,५०० रुपये झाले असते, ते १० हजारांवर थांबतात. आलेख अखंड राहतो, पण साधारण १२ लाख ७०,५८८ पर्यंत त्याचा चढ १ असतो. म्हणजे वाढलेला प्रत्येक रुपया करातच जातो. कायद्यातली ही तरतूद वाचून चटकन उमगत नाही. आलेखात ती उघड दिसते.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. आलेखाच्या प्रश्नात सीमेवरच्या ठिपक्यांना स्वतंत्र गुण ठेवा, आणि ते नसतील तर पूर्ण गुण देऊ नका.