लोंढा आणि लोंढे

बेळगावहून गोव्याकडे निघालेल्या प्रवाशाने खानापूर ओलांडले की आजूबाजूचा रंग पालटू लागतो. उघडी शेते मागे पडतात, माती लाल होत जाते आणि साग, ऐन, जांभूळ यांची दाटी दोन्ही अंगांनी रस्त्यावर झुकू लागते. सुमारे पन्नास किलोमीटरवर लोंढा लागते. आपल्यापैकी अनेकांना हे नाव ठाऊक आहे ते रेल्वेचे जंक्शन म्हणून. गाव म्हणून त्याची ओळख फार थोड्यांना असेल. मराठीत लोंढा म्हणजे अंगावर चालून येणारा प्रवाह, मग तो पाण्याचा असो वा माणसांचा. गावास हे नाव कशावरून पडले हा प्रश्न निराळा. परंतु शंभराहून अधिक वर्षे हे गाव येणाऱ्या-जाणाऱ्या लोंढ्यांवर जगत आले आहे, एवढे खरे.

त्यातला पहिला लोंढा आगगाडीचा. मार्मागोवा बंदरापासून निघालेला लोहमार्ग १८८८ च्या सुमारास सह्याद्री चढून कॅसलरॉकला पोहोचला. कॅसलरॉक ते कुळे हा २६ किलोमीटरचा घाट, चढ सदतीस फुटांस एक फूट! कॅसलरॉकला ब्रिटिशांची हद्द संपे, कुळ्याकडे पोर्तुगीजांची सुरू होई, आणि अलीकडच्या बाजूस लोंढ्याला गोव्याचा फाटा हुबळी-मिरज मार्गाला मिळे. मीटरगेजच्या काळात मुंबई-पुण्याचा मनुष्य मिरजेस गाडी बदलून गोव्यास निघाला की त्याला लोंढा चुकत नसे. डबे तुटत, जोडले जात, इंजिने बदलत आणि त्या अवधीत फलाटावर चहा, केळी, वडे यांची झुंबड उडे. १९५५ साली आर्थिक नाकेबंदीमुळे गोव्याची वाट बंद झाली, ती मुक्तीनंतरच पुन्हा उघडली. पुढे नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरापर्यंत पूर्णत्वाने सुरू झाली. मुंबईचा प्रवासी किनाऱ्याकिनाऱ्याने थेट मडगावास जाऊ लागला. लोंढ्याच्या फलाटावर आजही गाड्या थांबतात, पण ती जुनी झुंबड गेली. गाव कुरकुर न करता लहान झाले.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, गेल्या दहा-बारा वर्षांत या वाटेवर एक नवाच लोंढा दिसू लागला आहे. पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की पुणे, कोल्हापूर, हुबळी, बेंगळुरू, हैदराबाद इकडून मोटरसायकलींचे ताफे गोव्याच्या दिशेने वाहू लागतात. कोणी चोर्ला घाट धरतो, कोणी आंबोली, आणि बरेचसे खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड या जुन्या रस्त्याने मोल्याला उतरतात. जायचे असते वागातोरला. शापोरा किल्ल्याच्या पायथ्याचे हे किनाऱ्यावरील गाव. ‘इंडिया बाइक वीक’ या नावाचा मेळावा २०१३ साली पहिल्यांदा तेथे भरला. रॉयल एन्फील्ड कंपनीचा ‘रायडर मेनिया’ही तेथलाच, २०२३ पासून त्याने ‘मोटोवर्स’ असे नाव घेतले. दोन-तीन दिवस गाडीस्वारांची संमेलने, शर्यती, गाणीबजावणी आणि रात्रीच्या मेजवान्या चालतात. गाडी ही केवळ वाहन नसून जिवाभावाची सोबतीण आहे असे मानणाऱ्यांचा हा कुळाचार म्हणावा लागेल.

वागातोर आणि शेजारच्या हणजूण गावात या मेळाव्यांविषयी एकमत नाही. त्यात नवल नाही. ज्याच्या घरात भाड्याने द्यायच्या चार खोल्या आहेत, ज्याची टॅक्सी आहे, ज्याचे किनाऱ्यावर खाद्यगृह आहे, त्याला हे दिवस सुगीचे. ज्याच्या घरी म्हातारी आई आहे किंवा परीक्षेला बसलेले मूल आहे, तो रात्री दोन वाजता खिडकी लावून घेऊन बसतो. पुष्कळदा हे दोघे एकाच घरात राहतात, आणि म्हणूनच तेथला वाद मिटत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने हणजूण-वागातोरच्या रात्रीच्या गोंगाटाबद्दल पोलिसांना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पुनःपुन्हा जाब विचारला आहे. तो गोंगाट मुख्यत्वे नाचगाण्यांचा. परंतु कानाला कर्णा आणि सायलेन्सर यांतला फरक कळत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात निवासी भागात ४५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज नसावा, असे ते सांगतात.

असा वाद एकट्या गोव्याच्या वाट्याला आलेला नाही. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिना राज्यात मर्टल बीच नावाचे समुद्रकाठचे विश्रामनगर आहे. दर मे महिन्यात तेथे मोटरसायकलींचे मोठे मेळावे भरत. नागरिक त्रासले आणि २००८ साली नगरपरिषदेने मेळावे नकोत असे ठरवून नियमांची एक माळच काढली. शहराच्या हद्दीत प्रत्येक स्वाराने शिरस्त्राण घातलेच पाहिजे, हा त्यांतला एक नियम. त्या राज्याच्या कायद्यात प्रौढांना शिरस्त्राणाची सक्ती नव्हती. दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नगरपरिषदेचा तो नियम रद्द केला. दरम्यान हॉटेलवाल्यांनी गेलेल्या गिऱ्हाइकांचा हिशेब मांडला, आणि मेळावे हद्दीबाहेरच्या शेजारी वस्त्यांत जाऊन भरू लागले. शहराने दार लावले. आवाज शेजाऱ्याकडे गेला.

आपल्याकडेही मेळावा जागा बदलू शकतो. २०२१ साली ‘इंडिया बाइक वीक’ गोव्याऐवजी लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीत भरला होता. तेव्हा वागातोरने हाकलले म्हणजे प्रश्न सुटला, असे मला वाटत नाही. शिवाय वागातोरला भांडायला ग्रामसभा आहे, न्यायालय आहे, वर्तमानपत्रे आहेत. वाटेवरच्या गावांचे काय?

लोंढ्याला महामार्गालगतच्या एका खाणावळीत आम्ही जेवायला थांबलो होतो. भात, कुळथाचे पिठले, भाजलेला पापड. चव अशी की मुक्काम करावासा वाटला. खाणावळ चालविणाऱ्या बाईंना मी सहज विचारले, “ताई, मोटरसायकलवाल्यांचा तुम्हांला फायदा होत असेल ना?”

त्या हसल्या. “काका, जे दिवसा येतात ते थांबतात. हात धुतात, जेवतात, पोरं दुकानातनं पाणी घेतात, बोलतात चार शब्द. चांगली माणसं असतात. पण रात्री जे जातात त्यांचं तोंडसुद्धा दिसत नाही. नुसता आवाज. गोठ्यातली म्हैस दावं तोडते.”

शेजारच्या बाकावर पुण्याहून आलेले चार स्वार होते, सारे पन्नाशीच्या घरातले. त्यांतल्या एकाने बोलणे ऐकून मान डोलावली. “काका, त्या रात्रीच्या कर्कश गाड्यांमुळे आम्हांलाही शिव्या खाव्या लागतात. आम्ही पहाटे निघतो, अंधार पडायच्या आत उतरतो. गाडी जशी कारखान्यातून आली तशीच ठेवली आहे.” त्यांची गाडी सुरू झाली तेव्हा खरोखरच फारसा आवाज झाला नाही. सरसकट सर्व स्वारांना दोष देणारे लेख मी वाचले आहेत. ते मला त्या दिवसापासून अन्यायाचे वाटतात.

कर्कश आवाजाचे मूळ एका नळीत आहे. गाडीबरोबर आलेला सायलेन्सर काढून बाजारातला पोकळ सायलेन्सर बसवितात. मोटार वाहन कायद्याने गाडीत असा फेरफार करणे मना आहे. मोठ्या मोटरसायकलीच्या आवाजाला ढोबळमानाने ८० डेसिबलची मर्यादा आहे. पण यातही एक मेख आहे. मर्यादा एका गाडीची आहे. चाळीस गाड्या एकामागोमाग झोपलेल्या गावातून गेल्या तर प्रत्येक गाडी नियमात असूनही गाव जागे होते, आणि ताफ्याचा आवाज मोजण्याची पद्धत आपल्या कायद्यात नाही.

लोंढ्यापुढे तर माणसांपेक्षा रान अधिक. उत्तरेस खानापूर तालुक्यातले भीमगड अभयारण्य, २०११ साली घोषित झालेले. तेथल्या बारापेडे गुहांत जगात दुर्मिळ असलेली वटवाघळे राहतात. अनमोड उतरताना रस्ता मोल्याच्या भगवान महावीर अभयारण्यातून जातो. याच रानातून तिनईघाट, कॅसलरॉक, कारंझोळ असा दुसरा लोहमार्ग टाकण्याच्या योजनेला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. आगगाडीसाठी या जंगलाची बाजू दिल्लीपर्यंत ऐकली गेली. शेजारच्या रस्त्यावरून मध्यरात्री जाणाऱ्या ताफ्यांविषयी मात्र त्याला कोणी विचारीत नाही. मेळाव्याची परवानगी गोव्यात मिळते. वाट कर्नाटकातून येते. लोंढ्याच्या पंचायतीला त्या परवानगीत मत असण्याचे कारण कायद्याच्या दृष्टीने नाहीच.

मला मेळावे बंद व्हावेत असे वाटत नाही. तरुणांना, आणि त्या पुणेकर चौघांसारख्या प्रौढांनाही, वर्षातून दोन दिवस समुद्राकाठी जमून आनंद करू द्यावा. परंतु नावनोंदणी करून घेणाऱ्या संयोजकांना एवढे सांगता येण्यासारखे आहे की, सायलेन्सर बदललेली गाडी आवारात येणार नाही, आणि घाट दिवसाउजेडी उतरावा. वागातोरच्या फाटकावर तपासणी झाली तर तीच गाडी लोंढ्यावरूनही निमूट जाईल. दोन्ही राज्यांच्या सीमेवर नाके आहेतच. तेथे डिकी उघडून गोव्याची दारू शोधतात. सायलेन्सरकडे वाकून पाहायला आणखी अर्धा मिनिट लागेल.

निघताना ताईंनी विचारले, “यंदा कधी आहे हो त्यांची जत्रा?” मोटोवर्स बहुधा नोव्हेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात असतो, असे मी सांगितले. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पान उलटून खूण केली आणि आतल्या मुलाला, त्या आठवड्यासाठी तांदूळ जास्त आणून ठेवायला हवा, असे ओरडून सांगितले.