रानातला सरवा

दसऱ्याच्या आगेमागे देगलूरच्या शिवारात सोयाबीनची धांदल उडते. मदनूरच्या वाटेनं जाताना दोन्ही अंगाला काडाच्या गंजी दिसतात, मळणीयंत्राचा धुरळा उडत असतो आणि गुत्त्यानं कापणी घेतलेल्या टोळ्या एका रानातून दुसऱ्या रानात पळत असतात. वाळलेली शेंग उन्हात तडकते, म्हणून कुणालाच उसंत नसते. रास घरी गेली, रान रिकामं झालं, की मग बाया येतात. पदर खोचलेला, काखेत खताचं रिकामं पोतं. वाकून त्या मातीतली शेंग न् शेंग उचलतात. सोयाबीनचा सरवा, नंतर तुरीचा, मग माघ-फाल्गुनात ज्वारीच्या गळालेल्या कणसांचा. दिवसभराच्या वेचणीतून निघतील ते दाणे दुकानात घालायचे आणि तेल-मीठ घेऊन घरी जायचं.

मी ख्रिस्ती आहे. कृपा म्हणजे काय, हे मी चर्चमध्ये पुष्कळदा ऐकलं आहे. पण ती शिकवण मला या वाकलेल्या पाठींपाशी जितकी स्वच्छ दिसते तितकी दुसरीकडे कुठे दिसत नाही.

पवित्र शास्त्रात लेवीयाच्या पुस्तकाचा तेविसावा अध्याय सणांचा आहे. शब्बाथ, वल्हांडण, सप्ताहांचा सण, कर्णे कधी वाजवायचे, अर्पणं कोणती आणायची, असं सगळं पंचांगासारखं क्रमानं येतं. आणि मध्येच, सप्ताहांच्या सणाचे नियम संपता संपता, एकदम शेताचा नियम येतो: कापणी करताना धुऱ्यापर्यंत कापू नका, सरवा गोळा करू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मग पुन्हा सणांची यादी चालू होते. वाचताना हा नियम चुकून इथं पडला की काय असं वाटतं. मला तो तिथंच हवा आहे. रान खरवडून नेणाऱ्याच्या अर्पणात देवाला गोडी नाही, असंच ती जागा सांगते. अनुवादाच्या पुस्तकात तर पेंढी रानात विसरली तर ती आणायला माघारी फिरू नका, असंही सांगितलं आहे. परका, पोरका आणि विधवा ही तीन माणसं त्या आज्ञेत पुन्हा पुन्हा येतात, आणि कारण दिलं आहे ते एकच: तुम्हीही कधी मिसरात गुलाम होता, ते आठवा. पुढं यहुदी शास्त्र्यांनी धुऱ्यावर किती सोडायचं याचा हिशेब बसवला, निदान साठावा हिस्सा. जास्तीत जास्त किती, याला मात्र त्यांनी मर्यादा घातली नाही.

या नियमात मालकानं सरवा स्वतः वेचून गरिबाच्या ओटीत घालायचा नाही. त्यानं फक्त हात आवरायचा. वेचणारी आपल्या पायानं येते, आपल्या कष्टानं वेचते आणि मान वर करून जाते. तिला कुणाचे उपकार मानावे लागत नाहीत. ते धान्य मालकाचं नव्हतंच. नाताळात आपण मंडळीतर्फे साड्या-ब्लँकेटं वाटतो आणि घेणाऱ्या बाईला फोटोसाठी उभं करतो, तेव्हा मला ही आज्ञा आठवते आणि लाज वाटते.

माझी आजी सरवा वेचायची. रानाच्या कडेला उभी राहून ती आधी विचारायची, "मालक, येऊ का रानात?" मालक म्हणायचा, "ये की माय, इचारायलीस काय त्याच्यात!" शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या आजीला रूथची गोष्ट मात्र तोंडपाठ होती आणि ती सांगताना तिच्या आवाजाला धार यायची. सांगण्यासारखीच आहे ती गोष्ट. दुष्काळानं देशोधडीला लागलेली नामी, नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. मवाबी सून रूथ सासूला सोडून जायला तयार नाही. दोघी विधवा बेथलेहेमात येतात त्या जवाच्या कापणीच्या तोंडावर. परक्या जातीची, परक्या मुलखाची ती पोर बवाजाच्या रानात सरवा वेचायला जाते. नियमानं तिला तेवढा हक्क होताच. बवाज मात्र गड्यांना सांगतो, पेंढ्यांमधून मुद्दाम थोडं ओढून टाका आणि तिला रागावू नका. संध्याकाळी तिनं झोडपलं तेव्हा जवळजवळ एक एफा जव निघाले, म्हणजे वीस लिटरांच्या आसपास. सासूपुढं ते ओतताना रूथचा चेहरा कसा झाला असेल, हे आजी आम्हाला दरवेळी विचारायची.

नियम जिथं संपतो तिथून बवाजानं सुरुवात केली. कृपेची शिकवण समजून घ्यायला मला एवढी गोष्ट पुरते. पुढं त्या सरवा वेचणारणीचा पणतू दावीद राजा झाला, आणि मत्तयानं येशूची वंशावळ लिहिताना परक्या रूथचं नाव त्यात गाळलं नाही. त्या वंशातला येशू शिष्यांबरोबर शेतातून चालला असता शिष्य कणसं मोडतात, हातावर चोळतात आणि खातात, आपण हुरडा चोळतो तसेच. परूशी चिडले ते शब्बाथ मोडला म्हणून. दुसऱ्याचं कणीस का तोडलं, असं कुणीच म्हटलं नाही. भुकेल्यानं हातानं तोडून खावं, विळा लावू नये, हे शास्त्र सगळ्यांना ठाऊक होतं.

मराठीत रूथचं पुस्तक ज्यांनी आणलं त्यांत पंडिता रमाबाईही आहेत. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, 1882 मध्ये नवरा गेला, पदरी तान्ही मनोरमा. पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातून आलेल्या शेकडो पोरीबाळींना आसरा दिला आणि हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबलचं भाषांतर केलं. 1922 मध्ये त्या गेल्या. उपास सोसलेली विधवा रूथच्या ओळी मराठीत उतरवत होती, हे मनात आणून ते पुस्तक वाचावं.

आमच्या सीमेपलीकडं, तेलंगणात, मेदकचं भव्य चर्च आहे. 25 डिसेंबर 1924 ला त्याचं समर्पण झालं. दुष्काळात भुकेल्या माणसांना रेव्हरंड चार्ल्स पॉझनेट यांनी त्या बांधकामावर काम आणि कामाबद्दल धान्य दिलं. आपल्या हातच्या कामाची भाकर ती माणसं खात होती. त्या उंच मनोऱ्यापेक्षा मला तिथली ही गोष्ट मोठी वाटते.

आणि मग सोराच्या सीमेवरची ती परकी बाई, मार्कानं सांगितलेली. लेकीसाठी येशूच्या पाया पडणारी. लेकरांची भाकर कुत्र्यांना टाकणं बरं नव्हे, असं ऐकूनही ती हटत नाही. मेजाखाली पडलेला चुरा तरी कुत्र्यांना मिळतो ना, म्हणते. येशू तिचं म्हणणं मान्य करतो आणि लेक बरी होते. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू एकाच बाजारात बोलणाऱ्या आमच्या गावात परकं कोण आणि आपलं कोण, हे ठरवणं अवघडच आहे. प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचा तुकडा हातात येतो तेव्हा माझ्या मनात हे असतं: मीही दुसऱ्याच्या रानात वेचणारा आहे.

1788 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयानं निकाल दिला, की मालकाच्या रानात सरवा वेचण्याचा हक्क कुणालाच नाही. आमच्याकडं असा खटला कधी चालला नाही, तरी हक्क आटत चालला आहे. मळणी झाली की दुसऱ्या दिवशी रोटाव्हेटर फिरतो. शेतकऱ्याची घाई मला कळते. ओल उडण्याआधी हरभरा पेरायचा असतो, सोयाबीनचा भाव पडलेला असतो, कर्ज डोक्यावर असतं. त्याच्यावर दोष ठेवायला माझी जीभ उचलत नाही. पण बाया धुऱ्यावर येऊन उभ्या राहतात आणि रिकामं पोतं घेऊन परत जातात, हेही मी पाहतो.

म्हणून माझ्या मंडळीतल्या जमीनवाल्यांना माझी विनंती आहे. कापणीच्या सणाला वेदीपुढं पोतं आणून ठेवा, जरूर ठेवा. त्याआधी रान दोन दिवस मोकळं सोडा. ट्रॅक्टरवाल्याला तिसऱ्या दिवशी बोलवा. आणि रानाच्या कडेला कुणी येऊन विचारलं, तर ये माय म्हणा.