पुडीवरचं अक्षर

2018 च्या नोव्हेंबरात आमच्याकडे जमीन हलायला लागली. डहाणू आणि तलासरीच्या मधला, महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा पट्टा. धुंदलवाडी, हळदपाडा ही नावं तोवर बाहेरच्या कुणी फारशी ऐकलेली नव्हती. आधी वाटलं, कुठंतरी खदानीत सुरुंग लावलाय. आवाज तसाच, भुईच्या पोटातून आलेला, एकच धड्ड. मग तो रात्रीबेरात्री यायला लागला. रात्री दोनला सुरुंग कोण लावतो? पुढं यंत्रं बसली, शास्त्रज्ञ येऊन गेले. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल मुरतं, तिथला दाब बदलतो आणि असे लहान लहान धक्के एकामागून एक येत राहतात, असं काही अभ्यासकांनी सांगितलं. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं सोपं होतं. धरतरी कूस बदलते आहे.

माझी शाळा दोन शिक्षकी, चौथीपर्यंतची. भिंतीला तडा गेल्यावर आम्ही पोरांना बाहेर चिंचेखाली बसवायला लागलो. रात्री लोक अंगणात झोपायचे, नंतर सरकारी तंबू आले. 1 फेब्रुवारी 2019 ला दिवसभर धक्के बसत राहिले, त्यातला मोठा 4.1 रिश्टरचा. त्या दिवशी घाबरून पळताना पडून एक दोन वर्षांची मुलगी गेली. त्यानंतर वर्गात पेन्सिल पडली तरी पोरं उठून उभी राहायची.

मला भूगर्भशास्त्र येत नाही. भीतीवर काय करायचं तेही कुणी शिकवलेलं नव्हतं. म्हणून मी पोरांना एक काम दिलं. धक्का बसला की वहीत तीन गोष्टी लिहायच्या : कधी, तुम्ही काय करत होता, आणि काय हललं. माणूस मोजायला लागला की जरा सावरतो, एवढाच माझा हिशोब.

त्या वह्या मी आजही विसरलो नाही. 'रात्री. भात खात होतो. हंडा वाजला.' 'पहाटे. झोपलेलो. कुडाची माती नाकात.' 'दुपारी. बकरी आधी उठली मग भूकंप.' या शेवटच्या वाक्यावर वर्गात चांगलं भांडण झालं. कोंबडा आधी आरडतो की नंतर, यावर दोन तट पडले आणि आठवडाभर सगळी पोरं आपापल्या कोंबड्यावर नजर ठेवून होती. हळूहळू वह्यांत भलतंच काहीतरी यायला लागलं. 'आज भूकंप नाय. मुंगळे घर बदलत होते.' 'आज नाय. बाबाने ताडीच्या झाडावरून दर्या बघितला.' मी ते खोडलं नाही. हलणाऱ्या जमिनीसाठी टवकारलेले कान आता सगळंच ऐकायला लागले होते.

त्यात दुसरीतली एक मुलगी होती. नाव लिहीत नाही, आता मोठी झाली आहे, तिला आवडायचं नाही. तिची लिहायची रीत वेगळी. आधी सगळी अक्षरं उघडीच लिहायची आणि मग पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच लांब शिरोरेघ ओढायची, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. किती वेळा सांगितलं, शब्द सुटे कर. ती मान डोलवायची आणि पुन्हा दोरी बांधायची.

2019 च्या दिवाळीनंतर ती यायची थांबली. आमच्याकडे त्यात नवल नसतं. भात कापून झाला की पाडेच्या पाडे रिकामे होतात. कोणी गुजरातच्या बोटीवर खलाशी, कोणी वसई-भिवंडीकडं वीटभट्टीवर. बयाणा आधीच घेतलेला असतो, घरात तोवर खर्चूनही गेलेला असतो. पोरांना मागं ठेवायचं तर आजी-आजोबा धडधाकट हवेत. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढं पेन्सिलीनं 'स्थलांतरित' लिहिलं. अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. ते पालकांच्या हाती दिलं की जिथं जातील तिथल्या शाळेनं मुलाला बसवून घ्यायचं. ते मी भरून द्यायला हवं होतं. दिलं नाही. कारण काही मोठं नव्हतं, त्या आठवड्यात दुसरे फॉर्म होते.

जानेवारी 2020. रविवार होता. सासऱ्यांना भेटायला विरारला निघालो होतो. डहाणू रोड स्टेशनाबाहेरच्या गाडीवरून दहा रुपयांचे चणे घेतले आणि लोकलमध्ये खिडकी धरली. 2013 पासून लोकल थेट डहाणूपर्यंत येते, तेव्हापासून हा माझा ठरलेला प्रवासी खाऊ. वाणगाव आलं तेव्हा चणे संपले होते. पुडी चुरगळून बाहेर टाकणार, तेवढ्यात कागदावर ती दोरी दिसली.

पानभर एकच शिरोरेघ. खाली लोंबणारी अक्षरं, तेलकट डागांतून. 'रात्री. आजीजवळ होतो. हंडा वाजला.' त्याखाली, 'सकाळी. दात घासत. काय नाय हललं. फक्त आवाज.' आणि अगदी तळाशी, पुडी करताना कागद फाटला तिथं, 'दुपारी. मोठा. आजी' एवढंच.

मी बोईसर, पालघर, केळवे रोड, सफाळे कसा गेलो आठवत नाही. वैतरणेचा पूल रोज नव्यानं बघावा असा आहे, तोही दिसला नाही. अंगावर काटा आला होता हे खरं. हजारो पुड्यांतली हीच माझ्या हाती का यावी? आपण देवभोळे नाही असं म्हणत आलेला माणूस मनातल्या मनात हात जोडून बसला होता. रात्री घरी आल्यावर बायकोला कागद दाखवला, सगळं सांगितलं, आवाज जरा कापतच होता. तिनं कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "अहो, पण दिवाळीत शाळेची रद्दी तुम्हीच घातलीत ना?"

घातली होती. जुन्या वह्यांचे गठ्ठे बांधून मीच मोटरसायकलवरून डहाणूच्या भंगारवाल्याकडं टाकले होते, आलेल्या पैशांत रंगीत खडू आणले होते. भूकंपाच्या वह्याही त्यातच गेल्या, वर्ष संपलं म्हणून. दुसऱ्या दिवशी चणेवाल्याला विचारलं तर तो त्याच भंगारवाल्याकडून किलोवर कागद घेतो. गाव केवढं, स्टेशनावरच्या गाड्या किती, आणि चणे खाणारा मी किती नेमाचा. हिशोब मांडला तर योगायोग निम्म्याहून जास्त माझ्याच हातचा निघाला. चणेवाल्यानं उरलेला गठ्ठा चाळू दिला. तिची आणखी दोन पानं मिळाली, पण फाटलेल्या पानाचा तुकडा काही सापडला नाही.

मग मला वेगळ्याच गोष्टीचं वाईट वाटायला लागलं. या दिवाळीपासून मी किती पुड्या घेतल्या असतील आणि न बघताच खिडकीबाहेर फेकल्या असतील? माझ्याच पोरांची अक्षरं असतील त्यांवर.

पुढच्या सुट्टीला तिच्या पाड्यावर गेलो. आजी एकटीच होती, अंगणात नागली पाखडत. "गुरुजी, तू बस," म्हणाली. वारली बोलीत अहो-जाहो नाही. नवीन घाटावरून आलो तेव्हा पहिलं वर्षभर मला या 'तू'चा राग यायचा, आता कुणी 'तुम्ही' म्हटलं की परकं वाटतं. तिच्याकडून मुकादमाचा नंबर मिळाला. भट्टी भिवंडीच्या पलीकडं, नदीकाठाला.

तिथं पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. तुटक्या विटांच्या, वर पेंढा टाकलेल्या झोपड्यांची रांग. त्यांना भोंगा म्हणतात. या भागात विधायक संसद संस्थेनं भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, तो शब्द मी वाचला होता, भोंगा मात्र पहिल्यांदाच बघत होतो. ती लहान भावाला कडेवर घेऊन उभी होती. मला बघून हसेल, पळत येईल, असं काहीबाही मी प्रवासात रंगवलं होतं. ती नुसती बघत राहिली. मग विचारलं, "गुरुजी, भुई हालते का अजून?"

"हालते. कमी झालीय."

"इथं नाय हालत. इथं मला झोप लागते."

यावर मला काही बोलता आलं नाही. मी तिला शिक्षणाकडं परत न्यायला गेलो होतो, आणि ती वर्षभरानं पहिल्यांदा सलग झोपत होती. तिच्या बापाशी बोललो. बयाणा फिटेपर्यंत निघता येणार नाही, हे मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं की मला माहीत आहे. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटलो, ते भले निघाले, उशिरानं दिलेलं कार्ड चालवून घेतलं. ती तिथं जेमतेम महिनाभर गेली असेल. मार्चमध्ये देश बंद झाला.

भट्टीवरून माणसं निघाली ती मिळेल तशी, थोडी टेम्पोत, बरीचशी चालत. शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर. ती घरी पोचल्याचं मला आजीच्या शेजाऱ्यानं फोनवर कळवलं. जूनमध्ये शाळा उघडली नाही. मोबाईलवर शिकवा म्हणून वरून सांगितलं जात होतं. आमच्या पाड्यांवर फोन मोजके आणि रेंज टेकडावर चढल्याशिवाय नाही. शेवटी आम्ही दोघं शिक्षक फळा मोटरसायकलला बांधून अंगणाअंगणात फिरायला लागलो.

तिच्या अंगणात पहिल्या दिवशी फळा टेकवला तेव्हा आजी म्हणाली, "आता परत तशीच शाळा आली." मला कळलं नाही. तिचं माहेर कोसबाडच्या अंगाचं. लहानपणी ती गुरं राखायची आणि गुरांच्या मागं मागं एक बाई यायची, पोरांना झाडाखाली बसवायची. ती कुरणशाळा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पोर शाळेत येत नसेल तर शाळेनं पोराच्या अंगणात जावं, गुरांमागं कुरणात जावं, ही त्यांची रीत. अंगणवाडी हा शब्द तिथला. डी.एड.ला असताना मी यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं.

"मग तू शिकलीस का?" मी विचारलं.

"नाय. बाईच्या झोळीत गूळ-शेंगदाणे असायचे, ते खायाला जायची."

मग तिनं आणखी एक सांगितलं, नागली निवडता निवडता, काही विशेष नाही अशा आवाजात. तिचा बाप झरीच्या सभेला गेला होता. झरी म्हणजे तलासरीजवळची. 23 मे 1945 ला शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकारानं तिथं वारली जमले आणि यापुढं वेठ करायची नाही असं ठरलं. त्याच साली ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि इतर माणसं गेली. एक्कावन्न वर्षांनी, 1996 ला, गोदावरीबाई वारल्या त्याही ऑक्टोबरातच.

घरी येऊन मी वर्षं ताडून बघितली. एकाच साली, दिवसभरात चालून जाता येईल एवढ्या अंतरावर, तीन बाया दोन वेगवेगळी कामं घेऊन उभ्या राहिल्या. एकीनं वारल्यांना नाही म्हणायला शिकवलं, दोघींनी त्यांच्या पोरांना लिहायला. आणि एका म्हातारीच्या घरात दोन्ही येऊन भेटलेलं, गूळ-शेंगदाण्यांसकट. मी या तालुक्यात दहा वर्षं मास्तरकी करत होतो आणि तिला कधी काही विचारलं नव्हतं. तिच्या नातीची रद्दी माझ्या हातात आली नसती तर विचारलंही नसतं. 2020 हे बोर्डीच्या त्या केंद्राचं पंच्याहत्तरावं वर्ष होतं. त्या वर्षी एका विषाणूनं आम्हाला पुन्हा अंगणात नेऊन बसवलं. याला योगायोग म्हणावं की आमची उशिरा आलेली अक्कल, हे मी अजून ठरवलेलं नाही.

सप्टेंबरात पुन्हा धक्के सुरू झाले. पोरांनी न सांगता वह्या काढल्या. एका सकाळी मी पिशवीतून ती पुडी काढली, प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली, आणि तिच्यापुढं धरली. तिनं आपलं अक्षर ओळखलं, लाजली. तळाच्या फाटक्या ओळीवर मी बोट ठेवलं. 'दुपारी. मोठा. आजी'. आठ महिने ही ओळ माझ्या डोक्यात अर्धवट पडून होती. आजी पडली असेल, आजीला लागलं असेल, आजी रडली असेल, सगळं कल्पून झालं होतं.

"इथं पुढं काय होतं गं?"

तिनं जरा आठवलं, मागं आजीकडं बघितलं.

"आजी हसली," ती म्हणाली. "सगळी पळाली ना, तवा कोंबडी भाताच्या टोपात बसली."