व्होल्वोने वाटून टाकलेला पट्टा

महाराष्ट्रात ‘व्होल्वो’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे मोटार येत नाही, बस येते. ‘रात्रीच्या व्होल्वोने निघतो, सकाळी पोहोचतो,’ असं आपण सहज म्हणून जातो. २००१ साली या बसगाड्या भारतातल्या रस्त्यांवर आल्या आणि बघता बघता कंपनीचं नाव हेच वातानुकूलित, आरामशीर बसचं नाव होऊन बसलं. दादर-पुणे मार्गावरच्या एसटीच्या ‘शिवनेरी’नेही त्याला हातभार लावला.

स्वीडन आणि अमेरिकेत मात्र हे नाव घरच्या मोटारीचं. चौकोनी, धिप्पाड, दिसायला काहीशी बेंगरूळ, पण मुलाबाळांना घेऊन निर्धास्तपणे बाहेर पडावं अशी गाडी! आपल्याकडे व्होल्वोच्या मोटारी २००७ पासून विकल्या जातात, पण त्यांची किंमत ऐकूनच सर्वसामान्य माणूस दुकानाची पायरी चढत नाही. मग तिची गोष्ट आपण का वाचायची? कारण व्होल्वोची एक वस्तू आपल्या प्रत्येकाच्या मोटारीत आहे. अगदी हप्त्यावर घेतलेल्या छोट्या गाडीत आणि स्टेशनबाहेरच्या टॅक्सीतही. खांद्यावरून छातीवर आणि तिथून कमरेवर येणारा सीट बेल्ट!

सुरुवातच उलटी!

१९२४ साली स्टॉकहोममधल्या एका हॉटेलात दोन जुने ओळखीचे एकमेकांना भेटले. एक असार गॅब्रिएल्सन, एसकेएफ या बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीतला विक्रीचा माणूस. (याच कंपनीचा चिंचवडचा कारखाना पुणेकरांना चांगला ठाऊक आहे.) दुसरा गुस्ताफ लार्सन, इंजिनीअर. खेकड्यासारख्या क्रेफिशची भलीमोठी थाळी समोर ठेवून दोघांनी ठरवलं, स्वीडनच्या रस्त्यांना झेपेल अशी मोटार आपणच बनवायची. एसकेएफने पाठबळ दिलं आणि १९१५ पासून आपल्याकडे नोंदवून ठेवलेलं एक नावही दिलं. ‘व्होल्वो’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘मी फिरतो’. बेअरिंगसाठी शोधलेलं नाव मोटारीलाही शोभलं.

१४ एप्रिल १९२७ रोजी गोथेनबर्गच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर आली. असं सांगतात, की आदल्या रात्री ती चालवून पाहिली तेव्हा पुढे जायच्या ऐवजी मागेच जाऊ लागली, कारण मागच्या आसातला एक भाग उलटा बसवला गेला होता. सकाळच्या आत तो दुरुस्त झाला. पण ही पहिली गाडी होती बिनछपराची, आणि स्वीडनच्या हिवाळ्यात उघड्या गाडीतून हिंडणार कोण? पहिल्या वर्षी तीनशे गाड्याही खपल्या नाहीत.

बर्फ, खडबडीत रस्ते, लांबलचक अंधाऱ्या रात्री आणि अचानक गाडीपुढे उभं ठाकणारं मूस नावाचं दांडगं जनावर... अशा देशात मजबुतीला पर्याय नव्हता. मोटार चालवणारा आणि तिच्यात बसणारा माणूस आहे, म्हणून सुरक्षितता आधी, बाकी सगळं नंतर, हे सूत्र दोघा संस्थापकांनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं. १९४४ साली दाखवलेल्या पीव्ही ४४४ या छोट्या गाडीत समोरची काच थरांची होती. म्हणजे फुटली तरी तिचे सुरे होऊन तोंडावर येणार नाहीत अशी.

विमानातून मोटारीत

पण खरी क्रांती घडवली ती एका पट्ट्याने. पन्नाशीच्या दशकात काही मोटारींना पट्टे असत, पण ते फक्त कमरेभोवती बांधायचे. जोराची धडक बसली की अंग पुढे झुकायचं, डोकं समोर आदळायचं आणि पोटावर आलेलं बक्कल आतल्या इंद्रियांनाच इजा करायचं. व्होल्वोचे तेव्हाचे प्रमुख गुन्नार एंगेलाऊ यांच्या नात्यातलं एक माणूस मोटार अपघातात गेलं होतं, आणि त्या अपघातात असला अपुरा पट्टाही कारणीभूत ठरला होता, असं सांगितलं जातं. १९५८ साली एंगेलाऊंनी निल्स बोलिन या इंजिनीअरला बोलावून घेतलं.

बोलिन तोवर साब कंपनीत लढाऊ विमानांच्या खुर्च्या बनवत होते. संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्च्या! वैमानिक जीव वाचवण्यासाठी कितीही पट्टे आवळून घेईल. पण बाजारात निघालेला माणूस किंवा मुलांना शाळेत सोडायला निघालेली आई कशाला घेईल? पट्टा क्षणात आणि एका हाताने लागला पाहिजे, नाहीतर तो कुणी लावणार नाही, हे बोलिन यांनी ओळखलं. त्यांनी एक पट्टा छातीवरून तिरपा नेला, दुसरा कमरेवरून आडवा, आणि दोन्ही कमरेच्या बाजूला खाली एकाच ठिकाणी अडकवले. धक्का पोटावर न येता छातीच्या पिंजऱ्यावर आणि ओटीपोटाच्या हाडांवर, म्हणजे शरीराच्या मजबूत भागांवर येऊ लागला. वर्षभराच्या आत पट्टा तयार झाला आणि ऑगस्ट १९५९ मध्ये तो बसवलेली पहिली गाडी स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाड गावी पोहोचली.

पेटंट व्होल्वोचं होतं. प्रत्येक पट्ट्यामागे चार पैसे मागितले असते तरी कंपनीने अमाप कमाई केली असती. पण तिने पेटंट सगळ्यांसाठी खुलं केलं. ज्याला हवा त्याने हा पट्टा बनवावा, आपल्या गाडीत बसवावा. प्रतिस्पर्ध्यालाही मुभा!

लोकांनी मात्र तो आनंदाने स्वीकारला नाही. आवळतं, कपडे चुरगळतात, गाडी पेटली तर अडकून पडू... आज आपल्याकडे ऐकू येणारी सगळी कारणं तेव्हा तिकडेही होती. बोलिन आकड्यांनी उत्तर द्यायला निघाले. स्वीडनमधल्या २८ हजार अपघातांचा अभ्यास १९६७ साली त्यांनी अमेरिकेत मांडला. पट्टा न लावलेली माणसं ताशी अवघ्या २० किलोमीटरच्या वेगातही दगावली होती. पट्टा लावलेलं एकही माणूस ताशी ९५ किलोमीटरपर्यंतच्या वेगात दगावलं नव्हतं.

लेकरांची खुर्ची

मुलांचं काय? तान्ह्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक. गोथेनबर्गच्याच चाल्मर्स विद्यापीठातले बर्टिल आल्डमन यांना जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या खुर्च्या पाहून कल्पना सुचली. मुलाला गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसवलं, तर धडकेचा जोर मानेवर न येता सगळ्या पाठीवर विभागला जाईल. १९६४ साली व्होल्वोत अशा खुर्चीच्या चाचण्या झाल्या आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. मोठ्या मुलांना उंच बसवून पट्टा त्यांच्या गळ्याऐवजी खांद्यावर यावा, यासाठीची बैठक १९७८ मध्ये आली.

गाडी घरातलीच

व्होल्वोच्या मालकांचे किस्से ऐकण्यासारखे आहेत. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणारे विज्ञानाचे शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली लाल रंगाची पी १८०० ही गाडी घेतली. रोज लांबच्या शाळेत ये-जा, सुट्टीत देशभर भटकंती... २०१३ साली अलास्कामध्ये त्यांच्या गाडीने ३० लाख मैलांचा, म्हणजे जवळजवळ ४८ लाख किलोमीटरचा पल्ला गाठला आणि गिनेस बुकातला आपलाच जुना विक्रम मागे टाकला. गॉर्डन २०१८ साली वारले तोवर ती गाडी त्यांच्याकडेच होती. त्यांचं गुपित काय? वेळच्या वेळी तेल बदलणं आणि कंपनीचं माहितीपुस्तक जसंच्या तसं पाळणं!

१९७४ ते १९९३ या काळात निघालेल्या २४० मालिकेच्या २८ लाखांहून अधिक गाड्या खपल्या. अमेरिकेत तिला लाडाने ‘वीट’ म्हणत. आईवडिलांनी वापरलेली वीट मुलाच्या हाती पहिली गाडी म्हणून द्यायची, ही अनेक घरांतली रीतच होती. नव्याने गाडी शिकलेलं पोर कुठेतरी धडकणार, तेव्हा निदान या गाडीत धडकावं, हा त्यामागचा आईबापांचा साधा हिशेब!

अपघातातून बचावलेल्या मालकांचा ‘व्होल्वोने माझा जीव वाचवला’ या नावाचा क्लबही अमेरिकेत होता. गाडीचा चेंदामेंदा झाला आणि आम्ही दार उघडून चालत बाहेर आलो, अशा हकिगतींचा तिथे साठा असे. पण अशा पत्रांत एक उणीव असतेच. जे वाचले नाहीत ते पत्र लिहीत नाहीत. म्हणूनच व्होल्वोचं खरं मोठेपण या पत्रांपेक्षा १९७० साली नेमलेल्या पथकात अधिक आहे. गोथेनबर्गच्या आसपास व्होल्वोला मोठा अपघात झाला की पथकाची माणसं तिथे जातात. पत्रा किती वाकला, कोण कुठे बसलं होतं, कुणाला कुठे लागलं, हे सारं नोंदवतात. १९९१ मधलं बाजूच्या धडकेपासूनचं संरक्षण आणि १९९८ मधली मानेला झटका बसू न देणारी खुर्ची अशाच अभ्यासातून घडली.

डागही लागला

या कीर्तीला एकदा बट्टाही लागला. १९९० साली अमेरिकेतल्या एका जाहिरातीत राक्षसी चाकांचा ट्रक ओळीने उभ्या गाड्यांवरून जाताना दाखवला होता. बाकीच्या चिरडल्या, व्होल्वो तेवढी शाबूत! पुढे उघड झालं, की चित्रीकरणापूर्वी टेक्सासमध्ये व्होल्वोला आतून आधार दिले होते आणि इतर गाड्यांच्या छपराचे खांब कापून ठेवले होते. कंपनीला जाहिरात मागे घ्यावी लागली, वर्तमानपत्रांतून खुलासा छापावा लागला आणि चौकशीच्या खर्चापोटी तीन लाखांहून अधिक डॉलर मोजावे लागले. जाहिरात संस्थेने तर हे कामच सोडलं. सुरक्षिततेच्या नावावर विकणाऱ्याने चाचणीत खोटं केलं तर उरतं काय? तो धडा महागात पडला.

त्यानंतर कंपनीचे मालकही बदलले. १९९९ मध्ये मोटारींचा धंदा फोर्डकडे गेला आणि ट्रक-बस वेगळ्या कंपनीकडे राहिल्या. म्हणजे आपली ‘व्होल्वो’ बस आणि व्होल्वो मोटार आता नावापुरत्याच बहिणी! २०१० मध्ये मोटारींची कंपनी चीनच्या गीलीने घेतली. पण जुनी सवय सुटली नाही. २०१९ साली व्होल्वोने आपलं चाळीस वर्षांचं अपघात-संशोधन सगळ्यांसाठी खुलं केलं. धडकेच्या चाचण्यांतले बाहुले बहुतेक पुरुषी बांध्याचे असतात. त्यामुळे मानेला झटका बसून इजा होण्याचा धोका बायकांना जास्त असतो, ही गोष्ट त्यानिमित्ताने मोटार उद्योगापुढे ठळकपणे आली.

आणि आपण?

भारतात पुढच्या सीटचे पट्टे १९९४ पासून आणि मागच्या सीटचे २००२ पासून गाडीत बसवणं सक्तीचं आहे. म्हणजे बोलिन यांचा पट्टा घरोघरी पोहोचला आहे. पण लावतो कोण? सिग्नलला पोलिस दिसला की पट्टा छातीवर ओढून नुसता हातात धरणारे कमी नाहीत. पट्ट्याची आठवण करून देणारा आवाज बंद पाडणाऱ्या क्लिपा बाजारात सर्रास मिळत. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना त्या विकायला मनाई केली. आवाज नको म्हणून माणूस पैसे खर्च करतो, बेल्ट मात्र फुकटात लागत असून लावत नाही!

मागच्या सीटवर तर आनंदच आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी मागे बसलेले सहप्रवासी गेले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. काही दिवस सगळीकडे चर्चा झाली, मुंबईत वाहतूक पोलिसांनी मागच्यांनाही सक्ती केली. त्याच २०२२ साली देशात पट्टा न लावल्यामुळे १६,७१५ माणसं दगावल्याची सरकारी नोंद आहे. त्यातले ८,३३१ प्रवासी होते, चालक नव्हेत.

नवी गाडी घ्यायला गेलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ अलीकडे काही जण धडकेच्या चाचणीत किती तारे मिळाले हेही विचारू लागले आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण पाच तारे मिळालेल्या गाडीतही पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर लेकरू असेल, तर ते तारे त्याच्या काय कामाचे? आईच्या हातांची पकड कितीही घट्ट असो, ताशी पन्नासच्या वेगातल्या धडकेपुढे ती टिकत नाही. मुलाला मागे बसवा, त्याच्या वयाच्या खुर्चीत बसवा. आजी-आजोबांचा पट्टा त्यांच्या हाताला येत नसेल तर तो आपण लावून द्या. आणि नव्या गाडीला हौसेने सीटकव्हर घातलंत, तेव्हा मागच्या पट्ट्यांची बक्कलं त्याच्याखाली गडप तर झाली नाहीत ना, तेही या रविवारी एकदा बघून घ्या.