टिआऊच्या अलीकडून

ऐझॉल

ती. नानामामांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. म्यानमारचं भांडण म्यानमारला लखलाभ, आपण कुंपण घालून मोकळं व्हावं, असं तुमचं म्हणणं. दिल्लीनेही फेब्रुवारी 2024 मध्ये सीमेवरची मुक्त ये-जा रद्द करायचं जाहीर केलं. पण मामा, इथली सीमा म्हणजे टिआऊ नदी. उन्हाळ्यात माणसं ती चालत ओलांडतात. पलीकडचे चिन लोक आणि अलीकडचे मिझो, सगळे भाऊबंद.

फेब्रुवारी 2021 मध्ये तिथल्या लष्कराने सत्ता बळकावली आणि लोक इकडे येऊ लागले. गृहमंत्रालयाने सीमेवरच्या चार राज्यांना कळवलं, यांना शिरू देऊ नका. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी थेट पंतप्रधानांना लिहिलं, आम्हाला पाठ फिरवता येणार नाही. (बंडखोर असताना त्यांनी स्वतःही परमुलखात आसरा घेतला होता.) चर्च आणि यंग मिझो असोसिएशनने तांदूळ, कपडे गोळा केले. तीस हजारांवर माणसं राहिली. 1951 च्या निर्वासित करारावर आपली सहीच नाही, त्यामुळे कागदावर ती निर्वासितसुद्धा नाहीत.

दिल्लीची अडचण मला कळते. 1988 मध्ये आपण म्यानमारमधल्या लोकशाहीवाल्यांची बाजू घेतली आणि लष्कर चीनकडे सरकलं. मग आपण लष्कराशी जमवून घेतलं. इतकं, की मार्च 2021 मध्ये रस्त्यांवर गोळीबार चालू असताना राजधानी नेपिडॉतल्या लष्करी संचलनाला आपला प्रतिनिधी हजर होता. मला त्याची लाज वाटते. तुम्ही त्याला व्यवहार म्हणाल.

बरं, व्यवहारच बघू. कलादान प्रकल्प घ्या : कोलकात्याहून जहाजाने म्यानमारचं सित्वे बंदर, तिथून नदीने पलेत्वा, पुढे रस्त्याने मिझोरम. करार 2008 चा, लष्करी राजवटीशी केलेला. जानेवारी 2024 मध्ये पलेत्वा आराकान आर्मी या बंडखोर गटाने घेतलं. म्हणजे ज्यांची सही, त्यांच्या हाती वाट नाही. त्याच सुमाराला म्यानमारच्या लष्कराचे शेकडो सैनिक पळून मिझोरममध्ये आले. त्यांना आपण विमानाने घरी धाडलं!

इथले राज्यसभा खासदार के. वनलालवेना मात्र सरळ सीमा ओलांडून आराकान आर्मीला भेटून आले. तुम्ही त्यांना भाबडे म्हणाल. पण रस्ता कुणाच्या ताब्यात आहे हे पाहून बोलणारा माणूस भाबडा कसा, एवढं पुढच्या पत्रात सांगा.

मामींना नमस्कार.

तुमची,
सुमा