जिवंत धर्मग्रामाची खूण

अंधेरी पूर्वेला सीप्झ वसाहतीच्या आवारात, कारखाने आणि कचेऱ्या यांच्या गराड्यात, एक जुने चर्च छपराविना उभे आहे. कोंडिविटे गावातील हे चर्च येशूसंघीय धर्मगुरूंनी १५७९ साली बांधले व बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाला अर्पण केले. १८४०च्या सुमारास साथीच्या रोगाने गाव उठले. लोक मरोळला जाऊन वसले आणि तेथे त्यांनी नवे चर्च उभारले. १९७३ साली सीप्झची स्थापना झाली आणि ते भग्न मंदिर फाटकाआड गेले. वर्षातून एकदा, मे महिन्यात, तेथे मिस्सा अर्पण केली जाते.

एका वर्षी आम्ही त्या मिस्साला सहकुटुंब गेलो होतो. भिंतींतून उगवलेली झाडे पाहून आमच्या धाकटीने विचारले, ‘‘हे चर्च मेलं का?’’ शेजारी बसलेल्या वृद्ध बाई सहज म्हणाल्या, ‘‘नाही गं बाळ, ते मरोळला राहायला गेलं.’’

त्या उत्तराने आम्हांला विचारात पाडले. छप्पर कोसळूनही चर्च जिवंत राहू शकते, तर मग छप्पर शाबूत असूनही ते आतून निष्प्राण होऊ शकेल काय?

प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या श्रद्धावंतांचे वर्णन आहे. प्रेषितांची शिकवण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना या चार गोष्टींत ते तत्पर असत. त्यांत इमारतीचा उल्लेख नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६४ साली ख्रिस्तसभेला ‘देवाची प्रजा’ म्हणून संबोधिले. या चार खुणा लावून आम्ही आपल्या धर्मग्रामाकडे पाहिले. धर्मशिक्षणाचे वर्ग नियमित भरतात, रविवारच्या मिस्साला बसायला जागा मिळत नाही, नोव्हेनाला रांगा लागतात. तीन खुणांबाबत मन निश्चिंत झाले. दुसरीपाशी मात्र आम्ही अडखळलो. त्याचे कारण सांगणे आम्हांला सोपे नाही.

चर्चच्या दुरुस्तीसाठी निधी गोळा करण्याचे काम आमच्याकडे होते. एके संध्याकाळी पावतीपुस्तक चाळताना आमच्याच इमारतीतील एका विधवा मावशींच्या नावापुढील रकाना रिकामा दिसला. म्हणून आम्ही त्यांच्या दारी गेलो. मावशी अंथरुणाला खिळून होत्या. दोन महिन्यांपूर्वी पडून त्यांचे कंबरेचे हाड मोडले होते. त्या काळात ख्रिस्तप्रसाद घेऊन कोणी त्यांच्याकडे गेले नव्हते. कारण कळविणारेच कोणी नव्हते. आम्ही तर त्या विभागाच्या लहान ख्रिस्ती समूहाचे सभासद! मावशींनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. चहा घेऊन जाण्याचा आग्रह केला आणि विचारले, ‘‘मराठी मिस्साला माणसं येतात ना रे अजून?’’ पावतीपुस्तक आम्ही पिशवीतून बाहेर काढलेच नाही.

त्या आम्हांला रविवारी दिसल्या नाहीत, पावतीपुस्तकात दिसल्या. ही लाज अजून गेलेली नाही.

आमच्या पूर्वजांची रीत आठवते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा ठिकठिकाणच्या गावठाणांत लोकांनी क्रूस उभारले आणि त्यांच्यापुढे जपमाळ म्हणत देवाचा धावा केला. आजही मे महिन्यात अनेक क्रुसांपाशी जपमाळ होते. वीस-पंचवीस घरांच्या त्या मेळाव्यात कोण आले नाही, हे दिवा लावतानाच कळते. हजारांच्या गर्दीत ते कळत नाही. म्हणूनच मोठ्या धर्मग्रामाला लहान समूहांची गरज असते. ते समूह केवळ वर्गणीसाठी नव्हेत, तर हरवलेल्या एका मेंढराचा माग काढण्यासाठी आहेत.

आता आमच्या समूहात पावतीपुस्तकाबरोबर एक साधी वहीही फिरते. आजारी कोण, एकटे कोण, बऱ्याच दिवसांत कोण दिसले नाही, एवढेच तीत लिहितो आणि धर्मगुरूंना दाखवितो. मावशींकडे दर पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद जातो.

वाचकहो, येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात क्षणभर थांबा. कोण आले आहेत हे दिसेलच. कोण आले नाही ते आठवून पाहा. आणि घरी जाताना त्यांचे दार ठोठवा.