माळवदाची खेप

पत्रे की स्लॅब, यावर घरात महिनाभर वाद झाला. माती कुठं टाकायची, हे पहिल्यांदा ट्रॅक्टरवाल्यानंच विचारलं! गंगाखेडातलं आमचं माळवद म्हणजे तुळयांवर फळ्या आणि वर हातभर पांढरी माती. गळलं की आणखी माती टाकायची, असा तीन पिढ्यांचा रिवाज. १९९३ साली किल्लारीला भूकंपात अशीच घरं माणसांवर कोसळली. तेव्हापासून आई वर बघत झोपायची.

भाडं खेपेवर. "किती खेपा होतील?"

"मोजू की, मालक!"

अकरावी ट्रॉली भरली तरी माळवद संपेना. एवढा डोंगर डोक्यावर घेऊन आम्ही घोरत होतो! शेजारच्या काकांनी दोन खेपा अंगणात भर म्हणून फुकट मागितल्या; पसरायची मजुरीही आमच्याच माथी. आईनं टोपलीभर माती ठेवून घेतली.

"चुलीला पोतेरं द्यायला."

घरात गॅस येऊन वीस वर्षं झालीत.